परदेशात चित्रीकरण होते, परदेश मात्र दिसत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मराठी चित्रपटांच्या परदेशी चित्रीकरणाविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मराठी चित्रपटाची युनिटे आता सहजपणे युरोपात जातात, ही गोष्ट लेखात मराठी चित्रपटाच्या वाढत्या बळाची खूण म्हणून मांडली आहे आणि तेवढ्यापुरते ते मान्य करायला माझी हरकत नाही. मी चित्रपट आणि माहितीपट दिग्दर्शित करते, गेली काही वर्षे बर्लिनमध्ये राहते आणि भारतातून येणाऱ्या युनिटांना इथल्या कामात अधूनमधून मदतही करते. या दोन्ही बाजू जवळून पाहिल्यामुळे मला वाटते की, लेखात एक महत्त्वाचा प्रश्न आलाच नाही. इतक्या दूर जाऊन, इतका खर्च करून आपण पडद्यावर जे आणतो, त्यात तो देश कितीसा असतो?

युनिट परदेशात येते म्हणजे काय होते, ते आधी सांगते. स्थानिक लाइन प्रोड्युसर परवानग्या, गाड्या, हॉटेल आणि जेवण यांची सोय करून ठेवतो. विमानतळावर बस उभी असते, हॉटेलात भारतीय स्वयंपाक्याचे जेवण मिळते, आणि बस सकाळी ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी, दुपारी ओबरबाउम पुलावर आणि संध्याकाळी शहराला पूर्व-पश्चिम विभागणाऱ्या बर्लिन भिंतीच्या चित्रांकित अवशेषांपाशी नेऊन सोडते. युनिटमधल्या कोणालाही तिकीट काढावे लागत नाही, कचरा टाकावा लागत नाही, घर शोधावे लागत नाही, की कोणत्या कचेरीत ताटकळावे लागत नाही. शहराशी ज्या ज्या ठिकाणी माणसाची गाठ पडते, ती ती सगळी ठिकाणे पैसे देऊन टाळलेली असतात. ही व्यवस्था मी स्वतःही लावून दिलेली आहे आणि तिच्याशिवाय ठरलेल्या दिवसांत काम उरकणे अशक्य असते, हेही मला ठाऊक आहे. पण एखादे शहर आपल्याला दिसू लागते ते तिथे आपले काही अडते तेव्हा, आणि युनिटचे तिथे काहीच अडत नाही.

याची पहिली किंमत प्रकाशात मोजावी लागते. मुंबईत मे महिन्याच्या मध्यावर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे आपल्याकडचे छायाचित्रकार भर दुपारी चेहऱ्यावर पडणाऱ्या काळ्या सावल्या टाळण्याची धडपड करत मोठे झालेले असतात. बर्लिन साडेबावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस इथला सूर्य ऐन माध्यान्हीलाही क्षितिजापासून जेमतेम चौदा अंश वर येतो, सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. पाच फूट उंचीच्या माणसाची सावली त्या दिवशी माध्यान्हीलाही वीस फूट पडते. ढग नसतील तर दिवसभर संध्याकाळ असल्यासारखा तिरपा प्रकाश मिळतो, आणि ढग असतील, जे बहुधा असतातच, तर आठवडेच्या आठवडे सावली नावाची गोष्टच उरत नाही. अशा दिवसांत माणसे कशी चालतात, दुपारी तीनला खिडक्यांत दिवे कसे लागू लागतात, फेब्रुवारीत एखाद्या दिवशी ऊन पडले की भिंतीला पाठ टेकवून डोळे मिटून लोक कसे उभे राहतात, हे सगळे एखादा हिवाळा इथे काढल्यावरच कळते. आपली युनिटे मात्र मे-जूनमध्ये येतात आणि म्हणून आपल्या पडद्यावरच्या युरोपात बाराही महिने उन्हाळा असतो. शिवाय जूनमध्ये इथे सूर्य साडेनऊला मावळतो आणि खरा अंधार अकराच्या पुढे होतो, तर रात्री दहापासून शहरात शांततेचे तास सुरू होतात. रात्रीचा प्रसंग जूनमध्ये लिहून आणलेल्या लेखकाला हे ऐनवेळी कळते आणि मग तो प्रसंग घाईघाईने हॉटेलच्या खोलीत हलवला जातो.

रात्रीच्या दिव्यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड यांनी २०१३ साली अंतराळ स्थानकावरून बर्लिनचे छायाचित्र घेतले, तेव्हा भिंत पडून दोन तपे होत आली असूनही शहराचे दोन भाग वेगळे ओळखू येत होते. पूर्वेकडे सोडियमचा पिवळट नारिंगी प्रकाश होता आणि पश्चिमेकडे पांढुरका. पश्चिमेकडच्या काही जुन्या वस्त्यांत अजून गॅसचे दिवे आहेत. पूर्व बर्लिनमध्ये राहणारे पात्र म्हणून लिहायचे आणि चित्रीकरण सोयीसाठी पश्चिमेकडच्या शार्लोटेनबुर्गच्या गल्लीत करायचे, हा आपल्याला बारीकसारीक तपशील वाटत असेल, पण इथे वाढलेल्या प्रेक्षकाला ते पहिल्याच दृश्यात खटकते. पुण्यातल्या सदाशिव पेठेचा प्रसंग कोणी नवी मुंबईत घेतला तर आपल्याला खटकणार नाही काय?

दुसरी गोष्ट माणसांच्या चेहऱ्यांची. आपल्याकडे रस्त्यात कॅमेरा लावला की गर्दी जमते आणि ती आवरायला माणसे नेमावी लागतात. बर्लिनमध्ये उलट घडते. कॅमेरा दिसताच लोक तोंड फिरवतात, काहीजण जवळ येऊन अतिशय सभ्यपणे आपले चित्रण पुसायला सांगतात, आणि ते पुसले की नाही हे थांबून पाहतातही. याला माणूसघाणेपणा म्हणणे सोपे आहे. आपल्या युनिटमधले लोक म्हणतातही. वस्तुस्थिती अशी की, १८९८ साली जर्मनीचे माजी चान्सलर बिस्मार्क वारले तेव्हा दोन छायाचित्रकार रात्री त्यांच्या खोलीत शिरून मृतदेहाचे छायाचित्र घेऊन पळाले. त्यावरून उठलेल्या वादळातून १९०७ साली जो कायदा झाला, त्यानुसार आपल्या चित्राच्या प्रसिद्धीवर ज्याचा त्याचा हक्क मानला गेला. दृश्याच्या ओघात सहज येऊन जाणाऱ्या किंवा सार्वजनिक सभा-मिरवणुकीतल्या माणसांसाठी त्यात अपवाद आहेत, पण कोणाचा चेहरा मुद्दाम टिपून दाखवायचा तर संमती लागते. त्या कायद्यानंतरही या शहराने बरेच पाहिले आहे. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी नागरिकांविषयी जमवलेली कागदपत्रे एकापुढे एक मांडली तर सुमारे १११ किलोमीटर भरतात, आणि १९९२ पासून आपापली फाइल वाचायला मिळू लागल्यावर अनेकांना त्यात शेजाऱ्यांची, मित्रांची, काहींना तर जोडीदाराची खबर सापडली. २०१० साली गूगलने रस्त्यांची चित्रे प्रसिद्ध करायचे ठरवले तेव्हा जर्मनीत सुमारे २,४४,००० घरांनी आपले घर अस्पष्ट करून दाखवावे, अशी मागणी नोंदवली होती.

हे ठाऊक असलेला दिग्दर्शक इथल्या रस्त्यावर वेगळ्या रीतीने उभा राहतो. मी स्वतः इथे चित्रण करताना आधी कॅमेऱ्याशिवाय जाते, दुकानदाराशी, बाकावरच्या म्हाताऱ्यांशी बोलते, काय करायचे आहे ते सांगते, आणि मग विचारते. वेळ फार जातो. पण एकदा होकार मिळाला की तो माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाही, हातवारे करत नाही, आपले काम करत राहतो. माहितीपट करणाऱ्याला याहून मोठी देणगी कोणती?

घराच्या दारावरच्या नावाची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून ती जरा विस्ताराने सांगते. बर्लिनच्या जुन्या इमारतींत सदनिकांना बहुधा क्रमांक नसतात. खाली दरवाज्यापाशी घंटांची पाटी असते, तिच्यावर आडनावे असतात आणि टपाल त्या आडनावावर येते. तुमचे नाव पाटीवर नसेल तर पत्र परत जाते. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. ती नोंद झाल्यावर कर क्रमांक टपालाने येतो, आणि बँक, नोकरी, विमा या साऱ्या ठिकाणी पहिल्यांदा विचारतात तो या नोंदीचाच कागद. घरांची इतकी टंचाई आहे की नवखी माणसे कोणाच्या तरी घरात पोटभाडेकरू म्हणून राहतात, आणि त्यातले काही घरमालक दाखला द्यायला नकार देतात. मग माणूस शहरात राहत असतो, भाडे देत असतो, पण कागदोपत्री कुठेच नसतो. घंटेच्या पाटीवर छापील आडनावांच्या मध्ये चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेले जोशी, शेख, कांबळे असे एखादे नाव दिसले की मी थबकते, कारण त्या चिकटपट्टीमागे काय काय असू शकते ते आता मला माहीत आहे. एवढ्या एका पाटीवर संपूर्ण पटकथा लिहिता येईल. आणि आपल्या चित्रपटात काय दिसते? नायिका चकचकीत दारासमोर उभी राहते, दारावर पितळी अक्षरांत ४०२ असते, आणि दार उघडताच आत समुद्राएवढा दिवाणखाना.

रेल्वेच्या स्थानकांचेही तसेच. इथल्या भुयारी रेल्वेला फाटके नाहीत. कोणीही सरळ फलाटावर जाऊ शकतो. साध्या वेशातले तपासनीस डब्यात मधूनच उभे राहतात आणि तिकीट नसेल तर साठ युरो दंड घेतात. तेव्हा नायकाने फाटकावरून उडी मारून गाडी पकडण्याचा प्रसंग बर्लिनमध्ये घडू शकत नाही. मात्र दोन प्रवासी एकाच वेळी खिशातून ओळखपत्र काढतात आणि सगळा डबा क्षणभर सावरून बसतो, हा प्रसंग रोज घडतो, आणि त्यात नाट्य कमी नाही.

रविवारी दुकाने बंद असतात. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून जर्मन राज्यघटनेत संरक्षित आहे, आणि बर्लिनने नाताळपूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडी ठेवायची मुभा दिली तेव्हा २००९ साली घटना न्यायालयाने ती रद्द ठरवली. त्या दिवशी काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या पेटीत टाकायलाही मनाई असते, कारण आवाज होतो. ध्वनिमुद्रकाला याहून चांगला दिवस मिळणार नाही: अंगणातून कोणाच्या तरी पियानोचा सराव, दूरवर चर्चची घंटा, दोन मजले खाली भांड्यांचा आवाज, एवढेच ऐकू येते. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या डब्यावर पंचवीस सेंट अनामत असते, बिअरच्या साध्या बाटलीवर आठ सेंट. अनेक लोक रिकामी बाटली कचरापेटीत न टाकता तिच्या कडेला ठेवून जातात, जेणेकरून ती वेचणाऱ्याला पेटीत हात घालावा लागू नये. वेचणाऱ्यांत नीटनेटक्या कोटातली वृद्ध माणसे असतात, हातात बॅटरी असते. श्रीमंत देशातल्या निवृत्तिवेतनाविषयी आकडेवारीतून जे कळत नाही, ते या दृश्यातून कळते. पण त्यासाठी रात्री अकराला बागेत बसावे लागते, आणि त्या वेळी युनिट हॉटेलात असते.

चित्रपटासाठी परदेशी जाण्याची परंपरा आपल्याकडे चित्रपटाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके छापखान्याच्या कामासाठी १९०९ साली जर्मनीला जाऊन आले होते, आणि १९१२ च्या फेब्रुवारीत विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते लंडनला गेले. तिथे त्यांचा मुक्काम थोड्याच दिवसांचा होता. तेवढ्यात त्यांनी 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना गाठले, त्यांच्या ओळखीने ब्रिटिश चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांचा वॉल्टन येथील स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कॅमेरा आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था केली आणि एप्रिलच्या आरंभी ते परतले. म्हणजे प्रश्न केवळ मुक्काम किती लांब, हा नाही. फाळक्यांचे लंडनमध्ये काम अडले होते. ते सोडवायला अनोळखी माणसांच्या दारात उभे राहावे लागले आणि म्हणून थोड्या दिवसांत त्यांना जे दिसले, ते पर्यटकाला वर्षभरात दिसले नसते.

व्ही. शांताराम १९३३ साली 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीला गेले. रंग मनासारखे उतरले नाहीत. पण ते तिथल्या स्टुडिओंत वावरले, आणि परतल्यावर प्रभातने पुण्यातल्या नव्या स्टुडिओत केलेल्या पहिल्या चित्रपटाच्या छायाप्रकाशात आणि लांब पल्ल्याच्या भिंगाने घेतलेल्या डोळ्याच्या निकटदृश्यात त्या वावराचा परिणाम अभ्यासकांना दिसला आहे. ते जर्मनीला गेले ते एखादा जर्मन रस्ता पडद्यावर आणायला नव्हे, ही बाब मला फार बोलकी वाटते. उलट दिशेने जर्मन दिग्दर्शक फ्रांत्स ओस्टेन आणि छायाचित्रकार योसेफ विर्शिंग हे बॉम्बे टॉकीजमध्ये काम करायला मालाडला आले. ओस्टेन यांची भारतातली कारकीर्द १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर तिथल्या ब्रिटिश सरकारने जर्मनांना स्थानबद्ध केल्याने संपली. विर्शिंग मात्र सुटकेनंतरही मुंबईतच राहिले आणि १९६७ साली तिथेच वारले. हिंदी चित्रपटाच्या कृष्णधवल प्रतिमेवर या मालाडवासी जर्मनाचा ठसा आहे, तो चार दिवस येऊन गेटवेचे चित्रण केल्याने उमटला नसता.

आता पैशाविषयी. ब्रिटनमध्ये खर्चाच्या प्रमाणात करसवलत मिळते. २०२४ पासूनच्या योजनेत निर्मितीच्या मुख्य खर्चापैकी किमान दहा टक्के खर्च तिथे झालेला असावा लागतो आणि पात्र खर्चावर ३४ टक्के दराने सवलत मिळते, जी कर वजा जाता साडेपंचवीस टक्के उरते. जर्मनीतही अशा योजना आहेत, आणि २०१० साली एका मोठ्या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण बर्लिनला झाले त्यात स्थानिक अर्थसाह्याचा वाटा होता. निर्मात्याने हे गणित करू नये, असे कोणीही म्हणणार नाही. मीही निर्मात्यांच्याच पैशावर जगते. माझा आक्षेप एवढाच आहे की, कथा ठाण्यात लिहून पूर्ण झाल्यावर तिला कुठे सवलत जास्त मिळेल ते पाहिले जाते, आणि मग ठाण्यातलीच माणसे, ठाण्यातलेच संवाद घेऊन लंडनच्या बागेत उभी केली जातात.

यात खरी उपेक्षा होते ती परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाची. पडद्यावरचा अनिवासी मराठी अजून मोठ्या बंगल्यात राहतो, गणपतीला रडतो आणि शेवटच्या रिळात गावी परत येतो. जर्मनीत आज दोन लाखांहून अधिक भारतीय नागरिक आहेत. त्यांत विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. विद्यार्थी म्हणून व्हिसा मिळवायचा तर वर्षाच्या खर्चापोटी सहसा ११,९०४ युरो बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) आधी भरावे लागतात, आणि कामाला वर्षात १४० पूर्ण दिवसांची मर्यादा असते. कर्ज काढून आलेली मुले सायकलवर खाद्यपदार्थ पोचवतात. हिवाळ्यात मोबाइलचा पडदा चालावा म्हणून हातमोज्याची बोटे कापतात. बर्लिनमध्ये पोचवणाऱ्यांच्या घोळक्यात उभे राहिले तर मराठी कानावर पडते, आणि ती पुण्या-मुंबईचीच असते असे नाही. जळगावची, नांदेडचीही असते. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला, त्यानंतर लहान शहरांतही जर्मन शिकण्याची चर्चा सुरू झाली. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक होऊन येऊ पाहणाऱ्या या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना इथले रोजचे जगणे मराठीत कोणी दाखवले आहे काय? त्यांच्यासमोर आहेत ती आपली गाणी आणि पर्यटन कंपन्यांच्या जाहिराती.

यावर असे म्हटले जाईल की प्रेक्षक करमणुकीसाठी येतो, त्याला बाटल्या वेचणारे म्हातारे कशाला दाखवायचे. मी गंभीर चित्रपटांची वकिली करत नाही. घंटेच्या पाटीवरच्या चिकटपट्टीवर उत्तम विनोदी चित्रपट होईल. शांततेच्या तासांत मराठी लग्नाची मेहंदी उरकण्याच्या खटपटीवर तर नक्कीच होईल. खोटेपणाने करमणूक वाढते, असा पुरावा मला कुठे दिसलेला नाही.

माझ्या सूचना साध्या आहेत. परदेशात घडणारी कथा असेल तर निर्मात्याने चित्रीकरणाच्या दिवसांतले दोन-तीन दिवस कमी करून तेवढ्या पैशात लेखकाला आणि ध्वनिमुद्रकाला महिनाभर आधी तिथे पाठवावे, तेही हॉटेलात नव्हे, कोणाच्या तरी घरातल्या खोलीत. लेखकाने स्वतः किराणा आणावा, कचरा वेगळा करावा, बसची वाट पाहावी. संवाद तिथे राहणाऱ्या मराठी मुलांना वाचून दाखवावेत. ते चुका काढतील आणि दोन प्रसंग फुकट देतील. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून किंवा कोल्हापूर-मुंबईच्या अभ्यासक्रमांतून बाहेर पडणारे अनेक तरुण आज युरोपात शिकत आहेत, त्यांना लाइन प्रोड्युसरचा मदतनीस म्हणून राबवण्याऐवजी सहलेखक म्हणून घ्यावे.

आणि एक विनंती आपल्यालाही. आपल्या पुरवणीतील परदेशविषयक मजकूर बहुधा सहलीहून परतलेल्यांचा असतो. त्यातली निदान अर्धी जागा तिथे नोकरी करणाऱ्या, शिकणाऱ्या, रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या मराठी माणसांना द्यावी आणि त्यांना प्रेक्षणीय स्थळांविषयी नव्हे, तर घरभाडे, शेजार, डॉक्टरची वेळ आणि मुलांची शाळा यांविषयी लिहायला सांगावे. चित्रपटवाले कथा शोधताना वर्तमानपत्रे अजून वाचतात, हे मी स्वानुभवाने सांगू शकते.

आपली नम्र,
एक चित्रपट दिग्दर्शिका, बर्लिन